नोनी आणि केस पेपरवरचा पत्ता

आमच्या शाळेच्या हजेरीपटावर एका वर्षी मी एका मुलीचं नाव ‘नोनी’ असं लिहिलं. इयत्ता दुसरी, वय अंदाजे आठ. वीटभट्टीवर सगळे तिला नोनीच म्हणत. आई म्हणे, बाप म्हणे, शेजारच्या झोपडीतली म्हातारी म्हणे. मला वाटलं, हेच तिचं नाव. छत्तीसगडी बोलीत नोनी म्हणजे नुसतं पोरगी. आपण लेकीला ‘पोरी’ म्हणून हाक मारतो आणि परमुलखातल्या कुण्या मास्तरणीनं तेच तिचं नाव म्हणून रजिस्टरात चढवावं, तसं झालं होतं. हे माझ्या लक्षात यायला सहा आठवडे गेले. त्या सहा आठवड्यांत तिनं मला एकदाही सांगितलं नाही, कारण ती बोलतच नव्हती.

वर्धा नदीच्या काठावर आमचं गाव आहे. वरच्या अंगाला कापसाची काळी माती, नदीकडे विटांची. दिवाळी आटोपली की भट्ट्यांवर ट्रक यायला लागतात. बालाघाटकडून, राजनांदगावकडून, पार जांजगीरकडून माणसं येतात आणि त्यांच्याबरोबर गाठोडी, कोंबड्या, लेकरं. पावसाचे पहिले शिंतोडे येईपर्यंत मुक्काम इथेच. कच्च्या विटांच्या कमरेएवढ्या भिंती, वर ताडपत्री, झालं घर. गावातल्या लोकांना ही माणसं वर्षानुवर्षं दिसतात, पण त्यांना नावानं ओळखणारं गावात कुणी नाही. ‘भट्टीवाले’ एवढीच ओळख.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. लेकरू वर्षाच्या मध्येच आलं, जवळ दाखला नसला, तरी वयाप्रमाणे वर्गात बसवून घ्यायचं, असं तो सांगतो. म्हणून दरवर्षी डिसेंबरात मी भट्टीवर चक्कर टाकते आणि जेवढी येतील तेवढी लेकरं शाळेत आणते. आईबापही सहसा नाही म्हणत नाहीत. दुपारी खिचडी मिळते, लेकरू चिखलातून आणि ट्रकच्या चाकांपासून दूर राहतं.

नोनी आली तेव्हा तिनं दारालगतची जागा धरली. कितीही समजावलं तरी आत सरकायची नाही. आणि तिची एक सवय होती. अर्ध्या-पाऊण तासानं ती उठायची, रांगेतून चालत जायची आणि प्रत्येक दप्तराला बोट लावायची. एक दप्तर, दुसरं दप्तर, तिसरं. सगळ्यांना लावून झालं की जागेवर येऊन बसायची. पोरं हसायची. मी एक-दोनदा रागावले. ती खाली बसायची, आणि मी फळ्याकडे वळले की पुन्हा उठायची.

मी समजत होते की हा भाषेचा प्रश्न आहे. त्याला कारण होतं. हरभऱ्याच्या सोंगणीला मेळघाटातून कोरकू मजूर आमच्या भागात येतात. त्यांची लेकरं आधीही माझ्या वर्गात बसून गेलेली. त्यातलं एक पोरगं दोन महिने मुकं होतं आणि एके दिवशी कबड्डीच्या मैदानात, गडी बाद झाला नाही यावरून, खणखणीत मराठीत भांडायला उठलं. तेव्हापासून मी शिकले होते की लेकराला घाई करू नये. आणि ते खरंच आहे. नवी भाषा कानावर पडत असली की मूल काही दिवस, कधी काही महिने, नुसतं ऐकतं. तो आजार नाही. ते घरी भरपूर बोलत असतं.

दुसराही एक प्रकार असतो. घरी घडाघडा बोलणारं मूल शाळेत, परक्या माणसांत महिनोन्महिने ओठ उघडत नाही. डॉक्टर त्याला निवडक मौन म्हणतात. ते भीतीचं दुखणं आहे, त्याचा हट्टाशी संबंध नाही, आणि मुलूख सोडून आलेल्या, दोन भाषांत वाढणाऱ्या लेकरांत ते जास्त आढळतं. आणि तिसरा प्रकार असा की आधी बोलणारं लेकरू कशानं तरी हबकतं आणि आपल्या माणसांतही गप्प होतं. वर्गात बसलेल्या मास्तरणीला तिन्ही सारखीच दिसतात. ती वेगळी ओळखायची तर आधी एक प्रश्न विचारावा लागतो: घरी बोलते का? हा प्रश्न मी सहा आठवडे विचारला नाही. अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेली बाई आहे मी, आणि तो मला सुचला नाही, याचं वाईट अजून जात नाही.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन भट्टीवर गेले तेव्हा ती म्हातारी भेटली. नोनीच्या बापाची मावशी. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “नोनी नइ गोठियावय, बाई. घर मा घलो नइ गोठियावय.” गोठियाना म्हणजे बोलणं. घरातसुद्धा बोलत नाही. नोनी हे नाव नव्हे, हेही त्याच दिवशी तिनं सांगितलं. खरं नाव फार गोड होतं. ते इथे लिहीत नाही, ते त्या मुलीचं आहे.

मग म्हातारीनं अर्ध्या हिंदीत, अर्ध्या छत्तीसगडीत सगळं सांगितलं. येताना एका मोठ्या जंक्शनवर रात्री गाडी बदलायची होती. ठेकेदारानं घाई केली. भट्टीच्या कामात ठेकेदार जोड्या मोजतो. जोडी म्हणजे नवरा-बायको, विटा थापणारी दोन माणसं. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीला मिळते, हजार विटांचा हिशेब जोडीचा होतो. त्या रात्री जोड्या मोजून झाल्या, सगळ्या भरल्या, गाडी सुटली. लेकरं कुणी मोजली नव्हती. आईला वाटलं ती म्हातारीजवळ आहे, म्हातारीला वाटलं आईजवळ. दोन स्टेशनं गेल्यावर कळलं. बाप उतरून परत गेला. पोरगी सापडली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. कुणी हात लावला नव्हता, कुणी मारलं नव्हतं, रेल्वेच्या पोलिसांनी बिस्किटं दिली होती. म्हातारी पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, “कुछु नइ होइस, बाई.” काही झालं नाही.

आणि तेव्हापासून ती मोजते. रात्री उठते आणि झोपडीत झोपलेल्या प्रत्येकाच्या पायाला हात लावते. आईच्या, बापाच्या, धाकट्या भावाच्या, म्हातारीच्या. पण भट्टीवर थापणी रात्री दोन-अडीचला सुरू होते, ऊन चढायच्या आत विटा पडायला हव्यात म्हणून. आईबाप अंधारातच उठून जातात. म्हणजे पोरगी मोजायला उठते तेव्हा दोन माणसं कमी असतात. रोज रात्री. जंक्शनवरची ती रात्र तिच्यासाठी एकदा घडून संपलीच नव्हती, रोज अडीच वाजता ती पुन्हा घडत होती. हे म्हातारी बोलत असताना माझ्या मनात जुळलं. तिळगुळाचा डबा मांडीवर तसाच राहिला.

गावात तोवर निदान झालेलं होतं. बाहेरचं आहे, नदीच्या डोहाकडून गेली असेल, अमक्याकडून उतरवून घ्या. मी त्या लोकांवर चिडत नाही. ज्याला दवाखाना चाळीस मैल आणि भगत चाळीस पावलं, तो भगताकडेच जाणार. आमच्या गावची आरोग्य-कार्यकर्ती आशाताई मात्र ठाम होती. “बाई, तिले बाहेरचं नाही झालं. तिच्या मनात भेव बसलं हाय. आपून दवाखान्यात नेऊ, मी येतो संगं.” भट्टी तिच्या घरांच्या यादीत नव्हती. कागदानुसार तिला तिथे जायचं काही कारण नव्हतं.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. मनाच्या आजारांचे डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी. पहाटेची एसटी, बापाचा एक दिवस, आईचा एक दिवस, म्हणजे जोडीचा अख्खा दिवस गेला. त्या दिवशी विटा नाहीत, म्हणजे उचल तेवढी कमी फिटणार होती. केस पेपर काढायच्या खिडकीवर पहिला प्रश्न पत्त्याचा आला. बापानं छत्तीसगडमधल्या गावाचं नाव सांगितलं. खिडकीतला माणूस म्हणाला, इथला सांगा. इथला काय सांगणार? मी म्हटलं, वीटभट्टी, मुक्काम आमचं गाव. मग आधार. पोरीचं आधार गावी, पेटीत. पाऊण तास गेला. शेवटी माझ्या आधारवर, माझ्या पत्त्यावर कागद निघाला. सरकारी कागदावर ती माझ्या घरी राहणारी झाली.

तेव्हा मला ठाऊक नव्हतं, पुढे वाचलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा आहे, २९ मे २०१८ पासून लागू आहे. सरकारी पैशानं चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, असं त्याचं १८ वं कलम म्हणतं. गरिबाला, बेघराला ते फुकट मिळाले पाहिजेत, दारिद्र्यरेषेचं कार्ड हातात असो वा नसो. लेकरांसाठी वेगळी सेवा असावी हेही त्यात आहे, आणि रोग्याला जी भाषा समजते त्या भाषेत सगळं सांगायला हवं हेही. इतका माणुसकीचा कायदा आपल्याकडे आहे हे वाचून मला बरं वाटलं आणि त्या खिडकीची आठवण येऊन पोटात कालवलंही. खिडकीतला माणूस वाईट नव्हता. त्याच्या समोरच्या संगणकात पत्त्याचा रकाना रिकामा ठेवून पुढे जाताच येत नव्हतं.

डॉक्टर चांगले होते. बाहेर रांग बरीच लांब होती, तरी त्यांनी आधी कान तपासून घ्यायला लावले, आईला बाजूला बसवून विचारलं. अडचण भाषेची. बाप प्रत्येक प्रश्नाला “ठीक है साहब” म्हणत होता. झोप लागते? ठीक है साहब. दचकते? ठीक है साहब. मोठ्या माणसासमोर तक्रार करायची नसते, एवढंच तो आयुष्यभर शिकलेला. मीच मध्ये बोलले, दप्तरांचं सांगितलं, पायांना हात लावण्याचं सांगितलं. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली आणि पहिल्यांदा नोनीकडे नीट पाहिलं. औषध दिलं नाही. म्हणाले, पंधरा दिवसांनी या, समुपदेशक बसतात त्या दिवशी या.

पंधरा दिवसांनी बाप आला नाही. येणारच नव्हता. त्यानं मला हात जोडले, म्हणाला, मॅडम, और एक दिन गया तो सीझन के आखिर में हाथ में कुछ नहीं आएगा. ज्या उपचारासाठी पंधरा दिवसांतून एक जोडी-दिवस मोजावा लागतो, तो या माणसांसाठी फुकट नसतो. केस पेपर मोफत निघाला, हे खरं असलं तरी.

मग आशाताईनंच टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या दुखण्यांसाठीच्या सरकारी फोनसेवेचा, नंबर काढला. १४४१६. हा नंबर १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाला. कुठूनही लागतो, पैसे पडत नाहीत, हिंदी बोलणारं माणूस मिळतं. शाळा सुटल्यावर मी फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला, आईला समोर बसवलं. मला वाटलं होतं ती लेकीबद्दल बोलेल. ती पंचवीस मिनिटं स्वतःबद्दल बोलली. गाडीत आपल्याला कळलं तेव्हा काय झालं, नवरा उतरून गेल्यावर ती डब्यात धाकट्याला घेऊन कशी बसून राहिली, भट्टीवर पोचल्या पोचल्या ठेकेदारानं साचा हातात कसा दिला. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. पलीकडची बाई मध्ये मध्ये नुसतं ‘हां दीदी’ म्हणत होती. नोनी दाराशी बसून ऐकत होती.

त्या समुपदेशक बाईंनी जे सांगितलं ते अगदी साधं होतं. रात्री थापणीला जाताना पोरीला चुकवून जाऊ नका. तिला उठवा, अर्धवट झोपेत असली तरी. कुठे जातो, कधी येतो ते सांगा. सांगितलेल्या वेळेला एकदा येऊन तोंड दाखवा. जवळ दिवा ठेवा. मोजते तर मोजू द्या, रागावू नका, तुम्हीही तिच्याबरोबर मोजा. आणि त्या रात्रीबद्दल तिच्यासमोर बोला, लपवू नका, चूक तिची नव्हती हे तिला ऐकू द्या. आणखी दोनदा फोन झाला. एकदा बापानं केला, मला न सांगता, स्वतःच्या मोबाइलवरून.

मीही वर्गात मोजणी सुरू केली. दप्तरांची मॉनिटर नोनी. दर तासाला तिनं मोजायचं आणि बोटांनी मला आकडा दाखवायचा. हसणारी पोरं आठवडाभरात हसायची थांबली, उलट कुणी पाणी प्यायला बाहेर असलं की तिला सांगून जायला लागली.

मार्चमधली एक दुपार आहे. मी फळ्यावर हातच्याची वजाबाकी लिहीत होते. मागे बारीक आवाज आला. “एक, दू, तीन, चार...” मी वळले नाही. खडू तसाच चालू ठेवला, काय लिहिलं ते मलाच कळत नव्हतं. वर्गातली तेवीस पोरं श्वास धरून बसलेली. आवाज रांगेतून पुढे पुढे येत होता, मध्ये अडखळला, मागच्या आकड्यावर गेला, पुन्हा पुढे आला. मोजून झालं तेव्हा ती दाराजवळ गेली नाही, मधल्या रांगेत एका पोरीशेजारी बसली.

इथपर्यंत सांगितलं की लोकांना वाटतं गोष्ट संपली. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला. कच्च्या विटांचं नुकसान झालं, मालकानं भट्टी लवकर आवरती घेतली, आणि एका रात्रीत ट्रक भरून माणसं गेली. शाळेला सुट्टी, मी माहेरी. परत आले तेव्हा नदीकाठी कमरेएवढ्या भिंती आणि फाटकी ताडपत्री. केस पेपर माझ्या कपाटात. डॉक्टरांच्या अक्षरातला तो एकमेव कागद, ज्यावर लिहिलं होतं की या मुलीला काय झालंय आणि काय करायला हवं, तो माझ्याजवळ, माझ्या पत्त्यावर. बापाचा नंबर लागेना. सीझन संपला की ही माणसं बरेचदा सिम बदलतात.

मी त्या कागदावर पुष्कळ विचार केला आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालतो. डॉक्टर, नर्स, औषधनिर्माता यांचं पथक गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, अठरा वर्षांपर्यंतच्या लेकरांना तपासतं, पुढे पाठवतं. आमच्या शाळेतही येतं. मनापासून काम करणारी माणसं आहेत. आमच्याकडे ते येतात ऑगस्टमध्ये. भट्टीची लेकरं शाळेत असतात डिसेंबर ते एप्रिल. ऑगस्टमध्ये ती आपल्या गावी असतात, पण तिथल्या शाळेत त्यांचं नाव बहुधा कटलेलं असतं. दोन्हीकडे पथक येतं आणि दोन्हीकडे लेकरू नसतं. यात कुणाचा दोष काढायचा? पण तारीख बदलता येते. पथकाची एक फेरी जानेवारीत, थेट भट्टीवर, एवढी साधी मागणी मी गेली दोन वर्षं लेखी करते आहे.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ साली देशाचं मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. तेरा ते सतरा वयाच्या मुलांपैकी शंभरात सात जणांना, नेमकं सांगायचं तर ७.३ टक्क्यांना, मनाचं काही ना काही दुखणं असल्याचं त्यात आढळलं. बारा राज्यांत ते झालं. त्यात छत्तीसगड होतं, महाराष्ट्र नव्हता. आकडा वाचताना माझ्या मनात आलं, की ते घरोघर जाऊन केलेलं सर्वेक्षण, आणि त्या दिवसांत नोनीसारख्या घराला कुलूप असेल तर? शिवाय ती आठ वर्षांची. तेराच्या आतली लेकरं त्या आकड्यात नाहीतच.

आणि हे काही बाहेरून येणाऱ्यांचंच दुःख नाही. माझं माहेर झाडीपट्टीतलं, चंद्रपूर जिल्ह्यातलं. धान कापून झाला की तिकडची गावंच्या गावं मिरची तोडायला तेलंगणात जातात, खम्मम-वरंगलकडे. लेकरं सोबत. आपली मराठी बोलणारी लेकरं तिथे तेलुगू मुलखात तशीच मुकी होऊन शेताच्या बांधावर बसतात, जशी नोनी माझ्या दाराशी बसली होती. माझ्या चुलतभावाच्या शेजारचा एक मुलगा तिकडून आला तो रात्री अंथरूण ओलं करायला लागला, पोट दुखतं म्हणून रडायला लागला. सोनोग्राफी झाली, जंताची गोळी झाली. कुणी विचारलं नाही की तिकडे काय झालं. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “तिकडं आमाले हाका मारत नाईत, शिट्टी मारतेत.”

उपाय काय, असं मला कुणी विचारलं तर मी मोठ्या हॉस्पिटलचं नाव आधी घेणार नाही. ते लागतं, पण शेवटी. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा एक प्रकल्प झाला होता. त्याचा अभ्यास २०१७ साली लॅन्सेट सायकियाट्री या नियतकालिकात छापून आला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघर जाऊन नैराश्याबद्दल बोलायचं, धीर द्यायचा, गरज असेल त्याला समुपदेशकाकडे आणि त्याच्याही पुढे डॉक्टरांकडे न्यायचं, अशी त्याची रीत. आधी नैराश्यानं ग्रासलेल्या शंभरातल्या ४.३ माणसांनीच कुठे मदत मागितली होती. अठरा महिन्यांनी ते प्रमाण २७.२ झालं. ही मोठी माणसं होती, गावात घर असलेली. पण हे आपल्याच वऱ्हाडात, आपल्याच शेतकऱ्यांत झालं, म्हणून मला त्याचा आधार वाटतो. हीच रीत भट्टीवर नेता येईल. भट्टी आशाताईच्या यादीत धरा, त्या फेऱ्यांचा मोबदला तिला द्या, आणि त्या झोपड्यांतलीच एखादी म्हातारी तिच्या मदतीला घ्या, जिला लेकरांची बोली येते. नोनीचं दुखणं पहिल्यांदा शब्दांत सांगितलं ते अशाच म्हातारीनं. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि कागद लेकराबरोबर जायला हवा. आता आम्ही एक साधी वही करतो. प्रत्येक भट्टीच्या मुलामागे दोन पानं. खरं नाव, घरी कोणती बोली, घरी बोलतं का, झोप कशी, कशाची भीती, काय केलं की शांत होतं. खाली १४४१६, आणि हरवलेल्या मुलांसाठीचा १०९८. हिंदीत लिहितो, म्हणजे पुढच्या मुलखातल्या गुरुजींना वाचता येईल. फेब्रुवारीतच पानं फाडून पिशवीत घालून आईकडे देतो, मे महिन्याची वाट पाहत नाही. बापाच्या मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवतो. पुढे कुणी ती वाचतं का, मला कळायला मार्ग नाही. एकदाच, रायपूरकडच्या एका बाईंचा फोन आला होता. त्याही शिक्षिका. त्यांनी विचारलं, “यह पन्ना आपने लिखा है?” आम्ही बराच वेळ बोललो. तो मुलगा नोनीचा कुणी नव्हता.

यंदा दिवाळीनंतर पहिला ट्रक आला तेव्हा आशाताई आणि मी आधीच भट्टीवर उभ्या होतो. थंडी पडू लागली होती, माणसं शाली गुंडाळून उतरत होती. ठेकेदार कागद घेऊन जोड्या मोजत होता. मी नोनीच्या आईला शोधत होते. नव्हती. तिच्याच गावाकडच्या एका बाईनं सांगितलं, ते यंदा तेलंगणाकडे गेले, तिकडच्या भट्टीवर. पोरगी कशी आहे विचारलं, तर म्हणाली, “बने हे.” बरी आहे. बोलते का, हे मी विचारेपर्यंत तिला कुणीतरी गाठोडं उचलायला बोलावलं.

ठेकेदाराच्या मागे मागे आशाताई वही घेऊन चालत होती आणि लेकरं मोजत होती. उतरताना एकोणीस असल्याचं बायकांनी सांगितलं होतं. तिची मोजणी अठरावर थांबली. तिनं पुन्हा मोजलं. अठराच. “बाई, एक कमी हाय,” ती म्हणाली, आणि ठेकेदाराला थांबवून ट्रकवर चढली. सामान बरंचसं उतरलं होतं. मागच्या कोपऱ्यात भांड्यांच्या पोत्याआड, ताडपत्रीखाली, तीनेक वर्षांचं एक लेकरू तोंडात अंगठा घालून गाढ झोपलं होतं. आशाताईनं त्याला उचललं, तसं ते जागं झालं, अनोळखी तोंड पाहून रडायला लागलं आणि खालून त्याची आई धावत आली. आशाताईनं लेकरू तिच्या हातात दिलं, ट्रकच्या फळीवर वही टेकवली आणि त्याचं नाव विचारलं.